ऑपरेशनमध्ये पित्तनलिका कापली गेली: केस नेमकी कुठे उभी राहते?

प्रश्न सातारा जिल्ह्यातून आला आहे, मुलाने विचारलेला. आईचं वय ५८. पित्ताशयात खडे म्हणून तालुक्याच्या खासगी हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवसापासून पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, अंगात कणकण होती आणि पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, म्हणजे ड्रेनच्या, पिशवीत हिरवट-पिवळं पाणी जमायला लागलं. "गॅस झालाय, चालवा त्यांना," असं सांगून चौथ्या दिवशी घरी सोडलं. सातव्या दिवशी डोळे पिवळे दिसले म्हणून पुण्याला नेलं, तिथे कळलं की मुख्य पित्तनलिकाच कापली गेली आहे. पुण्यात आधी पोटातलं पित्त काढलं आणि काही आठवड्यांनी मोठं ऑपरेशन केलं. एकूण खर्च साडेनऊ लाख. पहिल्या हॉस्पिटलचं बिल होतं ६५ हजार. आता तिथे केसपेपर मागितले तर "वकील घेऊन या" म्हणतात. गावातले काही जण म्हणतात पोलिसांत जा, काही म्हणतात दोन जीप भरून जाऊन जाब विचारू. मुलाचं म्हणणं एवढंच, की हा निष्काळजीपणा आहे का, आणि असेल तर करायचं काय?

माझं सांगायचं तर मी मूळचा भूलतज्ज्ञ. वीस-एकवीस वर्षं ऑपरेशन टेबलाच्या उशाशी बसलो, त्यामुळे बऱ्याच सर्जनांचे हात आणि चेहरे दोन्ही जवळून पाहिले. उशिरा कायद्याची पदवी घेतली आणि गेली बारा वर्षं अशाच प्रकरणांचे कागद वाचतो, कधी पेशंटच्या बाजूने, कधी डॉक्टरच्या. त्यामुळे दोन्हीकडची मंडळी माझ्यावर थोडी थोडी नाराज असतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. नलिका कापली गेली, एवढ्यावर ही केस टिकेलच असं मी सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत जे झालं, त्याहीपेक्षा जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, त्यावर ती टिकू शकते. तुमचं सगळं बोट त्या कापण्यावर आहे. ते थोडं सरकवा.

आधी ही जखम होते कशी ते पाहू. पित्ताशय म्हणजे यकृताखाली लोंबणारी छोटी पिशवी. तिच्यातून एक बारीक नळी निघते आणि यकृतातून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य नळीला मिळते. ऑपरेशनमध्ये बारीक नळीला क्लिपा लावून ती कापायची आणि पिशवी काढून घ्यायची. मुख्य नळीच्या वाटेला जायचं नाही. पण वारंवार सूज येऊन गेलेल्या पित्ताशयात सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. पिशवी ओढली की तिच्याबरोबर मुख्य नळीही वर ओढली जाते आणि नेमकी बारीक नळीच्या जागी दिसते. सर्जन मन लावून, काळजीपूर्वक, चुकीची नळी कापतो. अशा बहुतेक प्रकरणांत चुकतो तो डोळा, हात नव्हे. जगभरच्या नोंदींत दुर्बिणीच्या ऑपरेशनमागे हजारात साधारण दोन ते पाच वेळा हे होतं, आणि चांगल्या सर्जनांकडूनही होतं.

ते टळावं म्हणून एक शिस्त आहे. स्ट्रासबर्ग नावाच्या अमेरिकी सर्जनने १९९५ साली ती नीट मांडली. सर्जन मंडळी तिला 'क्रिटिकल व्ह्यू' म्हणतात. पित्ताशयाच्या मानेजवळची चरबी आणि पडदे पूर्ण साफ करायचे, पित्ताशयाचा तळ यकृतापासून थोडा सोडवायचा, आणि पिशवीत शिरताना दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, एक नळी आणि एक धमनी. तोपर्यंत क्लिप हातात घ्यायची नाही. हे दिसतच नसेल तर थांबायचं, सीनियरला बोलवायचं, पोट उघडायचं, नाहीतर पित्ताशयाचा थोडा भाग आतच ठेवून बाहेर पडायचं. पोट उघडावं लागणं म्हणजे हार, ही समजूत आपल्याकडे सर्जनांच्याही मनात असते आणि नातेवाइकांच्याही. "दुर्बिणीचं सांगितलं आणि मोठा काप दिला," असं भांडण मी स्वतः कॉरिडॉरमध्ये ऐकलं आहे. त्या भांडणाला भिऊन किती क्लिपा चुकीच्या जागी बसल्या असतील, देव जाणे.

न्यायालय हे कसं बघतं? १९५७ च्या एका इंग्लिश खटल्यातली 'बोलम कसोटी' आपल्याकडे मानली जाते. त्याच शाखेतला सर्वसाधारण कौशल्याचा डॉक्टर अशा वेळी जे करेल ते या डॉक्टरने केलं का, एवढंच ती विचारते. सर्वोत्तम डॉक्टरने काय केलं असतं, हा प्रश्नच नाही. निकाल वाईट लागला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. म्हणून समोरचे वकील पहिल्याच उत्तरात लिहितील, 'ही ज्ञात गुंतागुंत आहे, पुस्तकात आहे, संमतिपत्रातही आहे.' आणि तेवढ्यापुरतं ते खरं असेल.

काही चुका मात्र आपण होऊन बोलतात. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये एका बाईंची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहिला. पुन्हा पोट उघडून तो काढला, पण त्या वाचल्या नाहीत. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की टॉवेल आपल्या पायाने पोटात जात नाही, निष्काळजीपणा त्या टॉवेलनेच सिद्ध होतो. आणि रुग्णालय सरकारी आहे म्हणून राज्य हात झटकू शकत नाही. खालच्या न्यायालयाने दिलेले ३६ हजार रुपये कायम झाले. बाई गेल्यापासून ३३ वर्षांनी! पित्तनलिका हा तसा टॉवेल नाही. ती आपण होऊन बोलत नाही, तिला बोलतं करावं लागतं.

बोलतं करणारे दिवस म्हणजे दुसरा, तिसरा आणि चौथा. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी साधारणपणे चहा मागतो, उठून बसतो, "घरी कधी सोडणार" म्हणून नर्सचं डोकं खातो. तो तसा वागत नसेल तर काहीतरी बिनसलं आहे, असंच धरून चालायचं. पोट फुगलेलं, नाडी वाढलेली, ताप, आणि ड्रेनमध्ये पित्त. ड्रेनमध्ये पित्त दिसलं म्हणजे मुख्य नलिका कापलीच असं नाही, बारीक नळीच्या टोकातूनही गळती होते. पण कुठून तरी गळतंय एवढं नक्की, आणि ते कुठून हे शोधणं भाग आहे. सोनोग्राफी, रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा घटक), मग एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकांची तपासणी). यातलं पहिलं आणि दुसरं तुमच्या तालुक्यात त्याच दिवशी होतं. उरलेल्यासाठी पेशंट पुण्याला पाठवता आला असता. दुसऱ्या दिवशी पोचलेल्या पेशंटच्या पोटातलं पित्त वेळीच बाहेर काढता येतं. सातव्या दिवशी पोचणाऱ्याच्या पोटात ते सडलेलं असतं, जंतुसंसर्ग पसरलेला असतो.

तुमच्या केसचं मर्म मला इथे दिसतं. नलिका कापली जाणं ही चूक बोलम कसोटीतून सुटू शकते. हिरवं पाणी बघून "गॅस" म्हणणं आणि त्याच अवस्थेत घरी पाठवणं सुटणं अवघड आहे. कोणता सर्वसाधारण सर्जन असं करेल, याचं उत्तर त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञालाही देता येणार नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगतो. नलिका दुसऱ्या दिवशी लक्षात आली असती तरी ती जोडण्याचं मोठं ऑपरेशन बहुधा लागलंच असतं. त्यामुळे साडेनऊ लाखांतला प्रत्येक रुपया उशिरामुळे गेला, असं म्हणता येणार नाही. आयसीयूचे दिवस, संसर्गाची औषधं, लांबलेला मुक्काम, आईने सोसलेलं, हे उशिराच्या खात्यावर मांडा. हा हिशेब तुम्ही स्वतः मांडलात तर तक्रार ऐकणारा ग्राहक आयोग तुमच्यावर विश्वास ठेवतो. समोरच्याने मांडला तर तुम्ही लोभी दिसता.

आता कागद. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्वद मिनिटांच्या युक्तिवादापेक्षा नर्सच्या एका ओळीने प्रकरण फिरलेलं मी पाहिलं आहे. अशाच एका केसमध्ये डॉक्टरच्या रोजच्या नोंदीत होतं, 'पेशंट स्थिर, ड्रेन नगण्य.' त्याच दिवशीच्या नर्सिंग चार्टवर, रात्री आठ वाजता, बारक्या अक्षरात, 'ड्रेन २५० मिली, पित्तासारखा रंग, सरांना फोनवर कळवले.' मग त्या फोनचं काय झालं, हा एकच प्रश्न उरला. म्हणून डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. इनडोअर पेपरचा पूर्ण संच मागा: ऑपरेशनची नोंद, भुलेचा तक्ता, नर्सिंग चार्ट, इनटेक-आउटपुटचा कागद (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं), औषधांचा तक्ता, संमतिपत्र, सगळे रिपोर्ट. ऑपरेशनचं रेकॉर्डिंग झालं असेल तर तेही लेखी मागा, आणि लगेच मागा, कारण पुष्कळ ठिकाणी जागा भरली की जुन्यावर नवं रेकॉर्ड होतं.

"वकील घेऊन या" या उत्तराला कायद्यात जागा नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची असतात आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. मुंबई उच्च न्यायालयाने त्याही आधी, १९९६ मध्ये, रघुनाथ रहेजा प्रकरणात रुग्णालयांचं 'कागद गोपनीय आहेत' हे म्हणणं फेटाळलं होतं. अर्ज आईच्या सहीने करा. एक प्रत हातात द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. झेरॉक्सचे पैसे मागितले तर द्या, त्यावर भांडू नका. नाहीच दिले तर तो नकारच तुमचा पुरावा होतो. आयोग त्याचा अर्थ हॉस्पिटलच्या विरुद्ध काढू शकतो.

पुण्याच्या हॉस्पिटलचे कागद याहून मोलाचे आहेत. तिथले सर्जन तुम्हाला तोंडी काय म्हणाले ते विसरा. आधीच्या डॉक्टरने चूक केली असं लेखी द्यायला शंभरात नव्याण्णव तयार होत नाहीत, आणि त्यासाठी त्यांच्यामागे लागूही नका. त्यांची ऑपरेशनची नोंद पुरेशी आहे. नलिका किती उंचीवर कापलेली होती, क्लिपा कशावर बसल्या होत्या, पोटातून किती लिटर पित्त निघालं, हे त्यांनी स्वतःच्या बचावासाठी नीट लिहिलेलं असतंच. तेवढ्यावर तिसरा, ओळख नसलेला सर्जन मत देऊ शकतो. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव यांच्या निकालात सांगितलं आहे. हिवतापाच्या पेशंटला टायफॉइडचे उपचार दिले होते, त्याला कशाला हवा तज्ज्ञ. पण तुमच्या प्रकरणात मत घ्या. त्यावर होणारा खर्च वाया जात नाही.

संमतिपत्र तुम्ही सही केलंत असं लिहिलं आहे. आई शुद्धीवर होती, सज्ञान होती, लिहिता-वाचता येत होतं. मग मुलाची सही कशाला? समीरा कोहली प्रकरणात, २००८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या बाईचं गर्भाशय तिच्या आईला बाहेर विचारून काढलं होतं. न्यायालय म्हणालं, पेशंट थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती, जिवाला धोका नव्हता, मग थांबायला हवं होतं. आईची संमती ही तिची संमती होत नाही. आपल्या तालुक्यांत मात्र बाईच्या पोटाचा निर्णय बाई सोडून घरातला प्रत्येक पुरुष सहीने देतो. तुमच्या केसमध्ये हा दुय्यम मुद्दा आहे, कारण आईंना ऑपरेशन हवंच होतं. पण नलिकेला इजा होऊ शकते हे त्यांना सांगितलंच नसेल, तर 'संमतिपत्रात लिहिलंय' या बचावाचा एक पाय तुटतो.

आता दाद कुठे मागायची. आरोग्यसेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात ठरवलं. २०१९ च्या नव्या कायद्यात 'आरोग्यसेवा' हा शब्द गाळला गेला, तेव्हा डॉक्टरांच्या एका गटाने आम्ही सुटलो असं म्हणून मुंबई उच्च न्यायालय गाठलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते म्हणणं फेटाळलं गेलं आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घातलं नाही. तेव्हा तो मुद्दा मिटला आहे. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं सरकारी रुग्णालय असतं तर ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जावं लागलं असतं.

तुमची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाईल, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. हॉस्पिटल जिथे आहे तिथेच जायला हवं असं आता राहिलेलं नाही. नवीन कायद्यात कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, सेवेसाठी किती पैसे मोजले यावर ठरतं. तुम्ही मोजले ६५ हजार. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख. म्हणजे २५ लाख मागितले तरी जागा तीच, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीचं शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची. ती कधीपासून मोजायची यावर वाद घालता येतो, पण कशाला घालायचा. पहिल्या ऑपरेशनच्या तारखेपासून धरा. "आपसात बघू, थोडं थांबा," असं सांगत दोन वर्षं उलटू देणारे मध्यस्थ मला माहीत आहेत.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही तक्रार करता येते. तिथे पैसे मिळत नाहीत, ताकीद किंवा नोंदणी काही काळ अथवा कायमची रद्द, एवढंच. तिथल्या निर्णयाविरुद्ध वर अपील करण्याचा हक्क २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने डॉक्टरला दिला, पेशंटला स्पष्ट शब्दांत दिलाच नाही. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. तरी तक्रार करा, मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नका. याच अर्जात विचारा की रात्रीच्या ड्युटीवर कोण होतं आणि त्यांची पदवी काय. पुष्कळ छोट्या हॉस्पिटलांत सर्जन रात्री घरी असतो आणि वॉर्ड दुसऱ्याच पॅथीचा नवखा डॉक्टर सांभाळत असतो. मुंबईतल्या एका होमिओपॅथने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि पेशंट दगावला, तेव्हा १९९६ च्या पूनम वर्मा निकालात न्यायालयाने सांगितलं होतं की न शिकलेल्या शास्त्राने उपचार करणं हाच निष्काळजीपणा. वेगळा पुरावा लागत नाही.

पोलिसांचं म्हणाल तर मी नको म्हणेन. फौजदारी गुन्ह्याला साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर असावा लागतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाची हकिकत ऐका. लुधियानाच्या रुग्णालयात धाप लागलेल्या म्हाताऱ्या पेशंटला ऑक्सिजन लावला तर सिलिंडर रिकामा निघाला. दुसरा येईपर्यंत पेशंट गेला. एवढं होऊनही सर्वोच्च न्यायालयाने त्या डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द केला आणि सांगितलं की सिलिंडर नसल्याबद्दल रुग्णालय भरपाईला जबाबदार असू शकेल, पण डॉक्टर गुन्हेगार ठरत नाहीत. त्याच निकालामुळे स्वतंत्र, शक्यतो सरकारी, डॉक्टरच्या मताशिवाय पोलीस पुढे जात नाहीत आणि डॉक्टरला सरसकट अटकही होत नाही. तुमचा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीकडे जाईल. तिथे 'निष्काळजीपणा आढळत नाही' असा दीड पानी अहवाल आला की तोच कागद समोरचे वकील ग्राहक आयोगात तुमच्याविरुद्ध वापरतील. भारतीय न्याय संहितेचं १०६ वं कलम मृत्यूपुरतं आहे. आई सुदैवाने आहेत, त्यामुळे ते इथे लागूच होत नाही.

आणि त्या दोन जीप. महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर आणि हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांसाठी वेगळा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. एक काच फुटली की तुम्ही तक्रारदाराचे आरोपी होता, आणि समोरचा डॉक्टर, ज्याला उत्तर द्यायचं होतं, तो पीडित होतो. भाऊबंदांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

भरपाईसाठी पुरावे आतापासून जमवा. औषधांची बिलं सगळेच ठेवतात. आईच्या कमाईचा पुरावा कुणी ठेवत नाही. तुम्ही लिहिलंय त्यांच्या दोन म्हशी आहेत. दूध संस्थेची दर दहा दिवसांची बिलं काढा, आजारपणाआधीच्या वर्षाची आणि नंतरचीही. म्हशी विकाव्या लागल्या असतील तर त्याची पावती ठेवा. 'गृहिणी' असं लिहिलं की आयोग एक ठोकळ रक्कम धरतो; दहा दिवसांच्या बिलांनी ती बाई व्यवसाय करणारी ठरते. नलिका आतड्याला जोडल्यावर पुढे कित्येक वर्षं ती जागा अरुंद होण्याची भीती असते, त्यामुळे पुढच्या तपासण्यांचा अंदाजी खर्च पुण्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. वर्तमानपत्रातले कोटींचे आकडे मात्र डोक्यातून काढा. कोलकात्याच्या अनुराधा साहा प्रकरणात २०१३ मध्ये पाच कोटी ९६ लाख रुपये मिळाले, पण त्या अमेरिकेत राहत होत्या आणि भरपाईचा मोठा भाग त्या संभाव्य उत्पन्नावर ठरला होता. पतीने स्वतः डॉक्टर असून १९९८ पासून लढा दिला, म्हणजे १५ वर्षं.

१५ वर्षं हा आकडा मला आणखी एका ठिकाणी भेटतो. मे १९५३, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. समुद्रकाठी वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. तिथल्या डॉक्टरने लाकडी फळ्या बांधल्या आणि दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणलं. पुण्याच्या सर्जनने भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, माणसं लावून पाय जोराने ओढून हाड बसवलं आणि प्लॅस्टर घातलं. मुलगा त्याच रात्री गेला. वडील स्वतः डॉक्टर होते, ते लढले. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९६८ मध्ये. वैद्यकीय निष्काळजीपणावरचा आपल्याकडचा पायाभूत निकाल म्हणून तो आजही प्रत्येक युक्तिवादात येतो: केस घ्यायची की नाही, उपचार कोणता द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरवर काळजीचं कर्तव्य आहे. भरपाई होती तीन हजार रुपये. भूलतज्ज्ञ म्हणून तो निकाल वाचताना मी दरवेळी 'भूल न देता' या शब्दांपाशी अडखळतो. पण वकील म्हणून मला दुसरं टोचतं. पुण्याच्या सर्जनचं म्हणणं शेवटपर्यंत हेच होतं की मृत्यू रक्तात चरबीची गुठळी गेल्याने झाला. दोन्ही बाजूला डॉक्टर, आणि १५ वर्षं एकमेकांशी फक्त वकिलांमार्फत बोलणं.

हे न बोलणं आपल्या व्यवस्थेने घडवलेलं आहे. डॉक्टरच्या व्यावसायिक विम्यात साधारणपणे अट असते की कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही. सीनियर सांगतात, "काही बोलू नको, लिहू तर मुळीच नको." इंग्लंडात चूक झाली तर पेशंटला ती सांगणं रुग्णालयावर २०१४ पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि नुसती माफी मागणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे, असं २००६ चा तिथला कायदा म्हणतो. आपल्याकडे ग्राहक कायद्यात २०१९ पासून मध्यस्थीची सोय आली, पण २०२० च्या मध्यस्थी नियमांनी गंभीर इजा किंवा मृत्यू झालेली वैद्यकीय प्रकरणं त्यातून वगळली. जिथे टेबलाच्या दोन बाजूंना बसवून बोलणं घडवायची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तेच दार बंद. हा नियम कुणाच्या भल्यासाठी केला, मला आजवर उमगलेलं नाही.

माझ्या एका सर्जन मित्राकडून हीच नलिका कापली गेली होती. मी उशाशी होतो. त्याने कापल्यावर दोन मिनिटांत ओळखलं. घाम पुसला, ड्रेन ठेवून पोट बंद केलं, बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाला, "माझ्याकडून चुकीची नळी कापली गेली. दुरुस्त होते, पण माझ्या हातून नाही. आत्ता पुण्याला निघू, मी बरोबर येतो." तो अँब्युलन्समध्ये बसला. बिल घेतलं नाही. नवरा त्याला आधी खूप बोलला, अगदी वाट्टेल ते. केस केली नाही. विमा कंपनीच्या नियमाने बघितलं तर मित्राने त्या दिवशी सगळंच चुकीचं केलं होतं. त्याच ऑपरेशन थिएटरात महिनाभराने भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीची १९ मुद्द्यांची तपासणी यादी लागली, तीही त्याने लावली. ती २००८ पासून उपलब्ध होती. आमच्याकडे तोपर्यंत कपाटात होती.

तुमच्या सर्जनलाही एक पत्र लिहा, वकिलाच्या नोटिशीआधी. धमकी नको. तिसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये काय दिसलं, तपासणी का केली नाही, घरी का सोडलं, हे तीन प्रश्न आणि पंधरा दिवसांची मुदत. उत्तर आलं तर तुम्हाला काहीतरी कळेल. नाही आलं तर ते पत्र तक्रारीला जोडा.

शेवटी तुम्ही विचारलंय, आईला कोर्टात उभं करावं लागेल का. तक्रार आईच्याच नावाने होईल, कारण पेशंट त्या आहेत. तुम्ही अधिकारपत्र घेऊन त्यांच्या वतीने हजर राहा. त्यांचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर जातं. समोरच्यांना प्रश्न विचारायचे असतील तर ते बहुतेक वेळा लेखी देतात आणि उत्तरंही लेखी जातात. व्हिडिओवरून सुनावणीची मागणीही करता येते. प्रतिज्ञापत्र मात्र त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. त्या तिसऱ्या रात्री कुशीवर वळता येत नव्हतं, नर्सला किती वेळा हाक मारली, पिशवी किती वेळा रिकामी केली, हे त्यांना आठवत असेल. वकील त्याचं 'असह्य वेदना' करतील. तसं करू देऊ नका.